दोन पंचमांश

गुरुवारची रात्र, फहाहील.
एसी बादलीत ठिबकतो आहे
आणि आठवी ‘क’चे एकेचाळीस पेपर
जेवणाच्या टेबलावर पसरून मी बसले आहे.
खिडकीत रिफायनरीची ज्योत.
ती कधी विझत नाही,
म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही.

एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश
बरोबर दोन पंचमांश.
सतरा जणांनी लिहिलंय. सतरा.
पूर्वी मी फुली मारून पुढे जायचे,
हात आपोआप चालायचा, मेथी निवडावी तसा.
परवा मात्र एल्विटोला थांबवून विचारलं,
हे कसं काढलंस?
म्हणाला, मिस, पहिल्या मॅचला दोन पेनल्टी, एक गोल.
दुसरीला तीन, एक गोल.
मग पाचात दोनच ना?

पाचात दोनच.
मार्करचं टोपण हातात धरून मी उभी.
पोरगं चुकलं नव्हतं,
दुसऱ्याच प्रश्नाचं बरोबर उत्तर
माझ्या प्रश्नापाशी ठेवून गेलं होतं,
शेजाऱ्याच्या दारात काढलेल्या चपलांसारखं.
म्हटलं, अर्धा कुबूस खा.
वर तेवढ्याच दुसऱ्याचा तिसरा हिस्सा खा.
आता सांग, दोन पंचमांश अर्ध्याहून मोठे की लहान?
बराच वेळ बोटं मोजली त्याने.
“खाऊन कमी झालं, मिस!”
आणि स्वतःच हसत सुटला.

तस्लीम परकार मधल्या सुट्टीत माझ्याशी मराठी बोलते,
खेडच्या आजोळाची.
क्ष अधिक सहा, छेदात क्ष.
तिने दोन्ही क्ष तिरप्या रेघेने उडवले.
उरले सहा.
“वरचा खालचा कॅन्सल झाला ना, मॅडम.”

कॅन्सल.
हा शब्द इथली मुलं पाढ्यांच्या आधी शिकतात.
बापाचा व्हिसा, मग आईचा, धाकट्याचा,
फ्लॅट, शाळेचा दाखला,
सगळं एका रेघेत.
मी क्षच्या जागी दोन ठेवले.
आठ भागिले दोन, चार. तुझे सहा कुठे?
बेरजेने बांधलेल्यातला एकटा असा उचलता येत नाही गं,
छेद सगळ्यांनाच लागतो, सहालासुद्धा.
तिने वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे.
“म्हणजे गणितात नाही उचलता येत,” म्हणाली.
मी फळा पुसायला वळले.

आता जिबिनचा पेपर.
दोनाचा उणे तिसरा घात: उणे आठ.
वर्गात मी निगेटिव्ह एक्स्पोनंट म्हणते,
आत मात्र चिपळूणची शाळा बोलते: ऋण घात.
ऋण म्हणजे कर्ज. घात म्हणजे घातच.
माझंही उणे आठच आलं होतं तेव्हा.
मांडके गुरुजींनी पट्टी मारली,
का आलं ते विचारलं नाही.
हे कर्ज नव्हे, वाटणी आहे,
एवढं कळायला मला बी.एड.पर्यंत थांबावं लागलं.
आठ, चार, दोन, एक,
दर पायरीला निम्मं.
एकावर कशाला थांबायचं?
अर्धा, पाव, पावाचा अर्धा,
कितीही उतरा,
शून्याच्या खाली पाऊल पडत नाही.

साडेबारा वाजून गेलेत.
लाल पेन टेकवणार, तेवढ्यात
कागद दिव्यापुढे तिरपा झाला.
जिबिन पेन्सिलीनेच लिहितो.
उणे आठच्या खाली खोडलेलं दिसतंय काहीतरी,
घासून घासून कागद पातळ झालाय:
एक अष्टमांश.

आलं होतं त्याला. आधी आलं होतं.

पेन ठेवून मी पेन्सिल शोधते.
समासात बारीक अक्षरात लिहिते,
हे का खोडलंस?
रविवारी ये आणि सांग.
मार्कांची जागा
तशीच सोडते.